स्पर्धा रद्द करायची तर कोणत्या तारखेला?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी स्पर्धा रद्द करायची वेळ आली तर कधी ठरवायचं, या विचारात असताना तू विचारलंस, की विम्बल्डनने २०२० मध्ये कोविडमुळे आपली टेनिस स्पर्धा रद्द करून इतक्या लवकर हात का टेकले. निर्णय जाहीर झाला १ एप्रिलला आणि सामने सुरू व्हायचे होते २९ जूनला. बाहेरून पाहताना हातात तीन महिने दिसतात. पण मैदानावरची तात्पुरती उभारणी एप्रिलअखेरीस सुरू व्हायची होती, म्हणजे खरी मुदत चारच आठवड्यांची होती.

तुझ्या स्पर्धेचं वेळापत्रक असंच उलटं मांड. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिही: काम कधी सुरू होतं, त्यात किती पैसे अडकतात आणि त्यातले किती परत मिळतात. परत न मिळणारी पहिली मोठी रक्कम ज्या दिवशी हातातून जाते, त्याच्या आधी निर्णय व्हायला हवा. ‘अजून पंधरा दिवस वाट पाहू’ म्हणत राहिलं की मंडपवाल्याची आगाऊ रक्कम जाते, खेळाडूंची विमानतिकिटं निघतात आणि रद्द तर करावंच लागतं.

मग विम्बल्डनने स्पर्धा पुढे का ढकलली नाही? फ्रेंच ओपन मे महिन्यातून सप्टेंबरअखेरीस गेली, कारण ती लाल मातीवर होते. गवताचं तसं नाही. विम्बल्डनचं रायग्रास स्पर्धेत ८ मिलिमीटरवर कापलेलं असतं. बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ, ते काही दिवसांतच झिजून माती उघडी पडते. सप्टेंबरमध्ये दंव पडतं, पानं ओलसर राहतात आणि धावता धावता वळणाऱ्या खेळाडूचा पाय सरकतो. जूनअखेरीस लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, सप्टेंबरअखेरीस सातच्या सुमारास. छत आणि दिवे फक्त दोन कोर्टांवर आहेत, आणि पुरुष व महिला एकेरीचेच मिळून २५४ सामने होतात. शिवाय शरद ऋतू हा कोर्टांवर नवं बी रुजण्याचा काळ. तेव्हा खेळवलं की पुढच्या वर्षीच्या गवताचाही बळी जातो. प्रेक्षकांविना खेळवण्याचा पर्याय विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने मार्चमध्येच बाजूला ठेवला होता. माझ्या मते ते योग्यच होतं. स्टँड रिकामे ठेवले तरी खेळाडू, पंच, बॉलबॉय आणि कर्मचारी एकत्र येणारच होते.

विम्याकडे मात्र नीट लक्ष दे. स्पर्धा रद्द होण्याच्या विम्यात साथीच्या रोगाचं कलम आपोआप येत नाही, ते मागून घ्यावं लागतं. क्लबने ते आधीपासून घेतलं होतं. २०२१ साठी तसं संरक्षण मिळेना. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, ते हे असं. कलम असूनही दावे अडतात. कारण बहुतेक पॉलिसींमध्ये, स्पर्धा रद्द करणं अटळ होतं आणि ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं, हे दाखवावं लागतं. तिकीटविक्री मंद आहे म्हणून रद्द केली, असा एखादा ईमेल सापडला तरी दावा गोत्यात येतो. म्हणून सरकारी आदेश, आरोग्य अधिकाऱ्यांची पत्रं आणि बैठकांची इतिवृत्तं तारखेनिशी जपून ठेव. विमा कंपनीशी लेखी बोलल्याशिवाय जाहीर घोषणा करू नकोस.

खेळाडूंचं काय, हा प्रश्न शेवटी ठेवू नकोस. रँकिंगमध्ये खाली असलेल्याला प्रवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च बक्षिसाच्या पैशातूनच भागवावा लागतो. क्लबने जुलै २०२० मध्ये ६२० खेळाडूंना मिळून सुमारे १ कोटी पौंड दिले. मुख्य फेरीतल्या २५६ जणांना प्रत्येकी २५,००० आणि पात्रता फेरीतल्या २२४ जणांना प्रत्येकी १२,५००. एकही चेंडू न खेळता पैसे वाटायचे तर ते कोणाला, हे रँकिंगवरून ठरलं. तुझ्या स्पर्धेसाठीही प्रवेशाची यादी कोणत्या तारखेच्या रँकिंगवर गोठवायची, ते नियमावलीत आधीच लिहून ठेव. दुहेरी आणि व्हीलचेअर खेळाडूंचे रकाने त्यात वेगळे धर. विम्बल्डनच्या वाटपातही ते वेगळे होते.