‘कुठली ब्रीड आहे हो?’

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत कुत्र्यांच्या क्रॉस आणि मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या ब्रीडच्या आई-बापांच्या, पिल्लांचेच जास्त होते, म्हणून हा अंक त्यांचाच. मांजरवाल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न: डॉक्टर, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. आई गावठी, तांबूस रंगाची, बाप शेजारच्या बंगल्यातला जर्मन शेफर्ड असं सगळे म्हणतात. त्यातलं एक काळं पिल्लू आम्हाला हवंय, मुलगी सहावीत आहे, तिचाच हट्ट. मिस्टर म्हणतात मोठं झाल्यावर काय निघेल सांगता येत नाही, त्यापेक्षा पैसे देऊन लॅब (लॅब्राडोर) घेऊ. किती मोठं होईल, केस किती गळतील, चावरं निघेल का? (सांगलीहून एक आई)

उत्तर: तुमच्या मिस्टरांचं अगदी बरोबर आहे, काय निघेल ते सांगता येत नाही. फक्त त्यांनी ते लॅबलाही लावावं. माझ्या दवाखान्यात कुणी ना कुणी ‘प्युअर लॅब’ म्हणून पिल्लू घेऊन येतच असतं, शुद्ध ब्रीडची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे कागद विचारले की ‘कागद नाहीत पण ब्रीडर ओळखीतला आहे’, आणि सहाव्या महिन्यात त्या लॅबचे कान ताठ उभे राहतात. मग मी काय बोलणार, लस देते आणि गप्प बसते.

आता तुमचं पिल्लू. आई डोळ्यांना दिसतेय, तेवढंच पक्कं. बापाचं ‘सगळे म्हणतात’ यावर जाऊ नका, कारण कुत्री हीटवर (माजावर) असते तेव्हा तिच्यामागे एकच नर नसतो, आणि एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणजे चार पिल्लं जर्मनची आणि तुमचं काळं भलत्याचंच, असंही होतं. अजून एक, गावठी म्हणजे मिक्स नव्हे. लोक सरसकट तसं म्हणतात पण आपलं गावठी कुत्रं ही चार ब्रीडची खिचडी नाही, ते इथलं फार जुनं, कुणी मुद्दाम न घडवलेलं कुत्रं आहे. मिक्स होतं ते त्यात बंगल्यातला जर्मन शिरला की.

किती मोठं होईल? पंजे बघून सांगणारे खूप भेटतील, हो म्हणा आणि सोडून द्या. पिल्लू चार महिन्यांचं झालं की त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, तुमचं वजन वजा करा, उरेल त्याची दुप्पट आणि वर थोडं, मध्यम बांध्याच्या कुत्र्याला हा ढोबळ हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. गावठी साधारण 15 ते 25 किलो, जर्मन नर 30 ते 40, तुमचं मधे कुठेतरी. मधे म्हणजे बरोब्बर मधोमध नाही हं. एकाच आईची दोन पिल्लं एक 18 किलोचं आणि एक 30 चं मी बघितलीयत.

केसांचं म्हणाल तर लांब केसांचा गुण दबता असतो, आई आखूड केसांची असेल तर पिल्लंही बहुतेक तशीच होतात. पण जर्मनचा तो आतला लोकरीसारखा थर आला तर ऋतू बदलताना मुठीमुठीने केस निघतील, पांढरा शर्ट घालून ऑफिसला जायचं मिस्टरांनी विसरावं. कानांचं तर काही विचारूच नका, दात पडायच्या वयात एक उभा एक आडवा, आज उद्या परत दोन्ही आडवे. फोटो काढून ठेवा.

चावरं निघेल का, हा खरा प्रश्न. अमेरिकेत 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या स्वभावाबद्दल विचारून आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए बघून एक मोठा अभ्यास झाला, 2022 मध्ये तो छापून आला, त्यात कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यातला फरक ब्रीडवरून जेमतेम 9 टक्के सांगता आला. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, आई-बाप दोन्हीकडून राखणीचं रक्त असेल तर गेटवर भुंकणं येणारच, कुरियरवाल्याशी मैत्रीची अपेक्षा ठेवू नका. पण बाकीचं बरंचसं तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने काय बघितलं त्यावर ठरतं.

माझंच सांगते. अकरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात माझ्या दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी आंब्याच्या पेटीत एक पिल्लू ठेवून गेलं, पेटीवर मार्करने ‘लॅब’ लिहिलेलं. वय चार महिने, तोंडावर लॅबचा ‘ल’ पण नाही. तो आमचा ढब्बू. आज म्हातारा झालाय तरी छत्री उघडलेला माणूस दिसला की घसा फाडून भुंकतो, बाई छत्री घेऊन आली तर काही नाही, पुरुष हवा. पेटीत येण्याआधी काय घडलं होतं देव जाणे, माझ्या हाती तो आला तेव्हा ते कोवळं वय निघून गेलं होतं, नंतर मी सगळे उपाय केले, चिकनचे तुकडे खिशात घेऊन पावसात नवऱ्याला छत्री उघडमिट करायला लावली, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. आणि भाकरी दिली की अर्धी खातो, अर्धी सोफ्याच्या उशीखाली पुरतो, वर नाकाने उशी ढकलून नीट झाकून ठेवतो. ती भाकरी एकदा व्याह्यांना सापडलीय. हे कुठल्या ब्रीडमधून आलं ते मला विचारू नका.

तेव्हा तुम्ही आठ आठवड्यांचं झाल्यावर पिल्लू घ्या, त्याआधी आईपासून तोडू नका, आणि लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही पण कडेवर घेऊन सगळं दाखवायचं. कुकरची शिट्टी, मिक्सर, हेल्मेटवाला, काठी टेकणारे आजोबा, लहान पोरं, रिक्षा, लांबून ढोलताशा. आईजवळ दोनदा जाऊन बसा, ती अनोळखी माणसाला जवळ येऊ देते का बघा. तिच्याकडून जेवढं कळेल तेवढं बापाच्या गप्पांतून कळणार नाही. मुलीला मात्र आत्ताच सांगा, कुत्रं पुढची 12-14 वर्षं घरात असणार, ती कॉलेजला पुण्याला गेली की फिरवायला तुम्हीच.

प्रश्न: मिक्स कुत्री आजारी पडत नाहीत असं ऐकलंय. आमची मिल्की (लॅब आणि इंडी, म्हणजे गावठी) पाच महिन्यांची आहे, अजून एकही इंजेक्शन नाही दिलं, मस्त खाते-खेळते. नाही दिलं तर चालेल ना? (ठाण्याचा वाचक)

उत्तर: नाही चालणार. उद्याच जा.

पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू, तो ब्रीड विचारून येत नाही. एकदा रक्ताची जुलाब-उलटी सुरू झाली की दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. रस्त्यावरची कुत्री कशी धडधाकट असतात असं जे आपण म्हणतो ना, ती जगलेली असतात म्हणून दिसतात, जी गेली ती दिसायला राहत नाहीत. पार्वो आणि डिस्टेंपर (हाही विषाणूचाच आजार) यांची एकत्र लस खरं तर 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून दर 3-4 आठवड्यांनी 16 आठवड्यांपर्यंत द्यायची असते, मिल्कीचं ते वय गेलं, आता साधारण दोन डोस 3-4 आठवड्यांच्या अंतराने लागतील, सोबत रेबीज, आणि जंताचं औषध. रेबीजचं पुढे दरवर्षी. तोवर बागेत सोडू नका.

‘मिक्स म्हणजे निरोगी’ यात अर्धं तथ्य आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या व्हेटर्नरी हॉस्पिटलने 1995 ते 2010 चे केस पेपर काढून 24 आनुवंशिक आजार तपासले. त्यातले 10 प्युअर ब्रीडमध्ये जास्त सापडले, 13 मध्ये दोघांत काही फरक नव्हता आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटणं हे एक चक्क मिक्समध्ये जास्त. लॅबवाल्यांना ज्याची धास्ती असते ते खुब्याचं दुखणं, हिप डिस्प्लेशिया, त्या 13 मध्ये आहे. म्हणून मिल्कीला जाड होऊ देऊ नका, लॅबची भूक आणि घरच्यांचा लाड एकत्र आला की 35 किलोचं पिंप तयार होतं आणि मग सांधे बोलतात.

आणि गोचीड. पावसाळ्यात नि नंतर रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बघायचं. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रक्त तपासा, गोचीड तापात ‘उद्या बघू’ महागात पडतं.

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तीन पग, एक गोल्डन रिट्रीव्हर आहे, कुणाला त्रास नाही. आम्ही इंडी-मिक्स आणल्यावर कमिटीने ‘रस्त्यावरचं कुत्रं चालणार नाही’ असा ठराव केला, लिफ्टही बंद. काय करू?

उत्तर: ठराव फ्रेम करून लावू देत त्यांना. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने, म्हणजे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने, 2015 मध्येच लिहून दिलंय की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि पाळीव जनावराला लिफ्ट नाकारू नये. त्याची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, भांडण न करता द्या, चहाला बोलावून द्या. सोबत लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना जोडा. पट्टा कायम, शी उचलायला पिशवी कायम, आणि नसबंदी करून टाका, पग आणि गोल्डनने काय वाटेल ते केलं तरी लोक नाव तुमच्याच कुत्र्याचं घेणार आहेत, हे गृहीत धरा.

दत्ताच्या फोटोत चार कुत्री आहेत, त्यांची ब्रीड आजवर कुणी विचारलेली नाही, हे मात्र सेक्रेटरींना सांगायचा मोह आवरा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो. शेल्टरमधून ‘लॅब मिक्स’ घेतला, हौसेने डीएनए टेस्ट केली तर सहा ब्रीड, लॅब फक्त 7 टक्के! आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड 30. फसवलं का आम्हाला?

उत्तर: छे. काळा किंवा पिवळा, कान पडलेले, की लिहून मोकळे लॅब मिक्स. नुसतं बघून ब्रीड ओळखण्यात आम्ही डॉक्टरपण सपशेल चुकतो. त्या टक्क्यांपेक्षा रिपोर्टमधलं आरोग्याचं पान वाचा. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि कोली या ब्रीडमध्ये एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष बऱ्याचदा असतो, तो असेल तर काही औषधं, मुख्य म्हणजे जास्त डोसमधलं आयव्हरमेक्टिन हे जंत-खरजेचं औषध, मेंदूवर जातं. निकाल ‘आहे’ आला असेल तर फाईलवर लाल पेनाने लिहून घ्या, आणि सुट्टीत भारतात आणलात तर इथल्या डॉक्टरांना आधी ते सांगा, कारण आमच्याकडे खरजेला ते सर्रास देतात.

प्रश्न: आमचा क्रॉस नऊ महिन्यांचा आहे. चार चपला, एक रिमोट, सोफ्याचा कोपरा खाल्ला. सासरे म्हणतात गावाला शेतावर सोडून येऊ, तिथे रमेल. (सातारा)

उत्तर: शेतावर नाही रमणार, तिथली कुत्री त्याला उभं करणार नाहीत, आणि तो तुम्हाला शोधत हायवेवर येईल. हे पौगंडावस्थेचं वय आहे हो, दीड वर्षापर्यंत चालतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरवा आणि फिरताना ओढू नका, वास घेऊ द्या, नाक दमलं की कुत्रं दमतं. दुपारी चघळायला जुना टॉवेल ओला करून गाठ मारून फ्रीझरमध्ये घट्ट केलेला द्या, शिजवलेली चिकनची हाडं नको, टोकदार तुकडे होतात. चपला कपाटात. सासऱ्यांना संध्याकाळच्या फेरीला त्याच्यासोबत पाठवा, पंधरा दिवसांनी शेताचा विषय निघतो का ते मला कळवा.