स्लर्मसीटीएलडीची रॅम वाढतेय? रीस्टार्टच्या आधी हे बघा

स्लर्मसीटीएलडी (क्लस्टरवर जॉब वाटणाऱ्या स्लर्मचा मुख्य डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आठवड्याभरात रॅम खाऊन टाकतो, रीस्टार्ट केला की शांत होतो, म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) रोज पहाटे रीस्टार्ट लावणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लावू नका. रीस्टार्टने पुरावाच पुसला जातो. आम्हालाही एका सपोर्ट डेस्कने कितीतरी दिवस ‘रीस्टार्ट करा, रॅम वाढवा’ एवढंच ऐकवलं. एसडायगचं (स्लर्मसीटीएलडीची आकडेवारी दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट एकदाही मागितलं नाही, याचा राग अजून आहे.

टॉप कमांडमधला व्हर्टचा (नुसत्या राखलेल्या पत्त्यांचा) आकडा सोडून द्या, रेस (खरोखर वापरात असलेली रॅम) बघा. 64 बिट लिनक्सवर ग्लिबसी (प्रोग्रॅमना मेमरी देणारी सी लायब्ररी) दर कोअरमागे 8 अरीना (मेमरीचे वेगळे साठे) उघडू शकते आणि प्रत्येकीसाठी 64 एमबीचा पत्ता राखून ठेवते. 32 कोअरच्या मशीनवर नुसता व्हर्ट 16 जीबी फुगला तरी ती गळती नव्हे.

रेसच वाढत असेल तर एसडायगमधला ‘डीबीडी एजंट क्यू साइज’ दर दहा मिनिटांनी वेळेसकट फाइलीत टिपा. स्लर्मडीबीडी (जॉबच्या नोंदी डेटाबेसात टाकणारा डेमन) किंवा त्यामागचा डेटाबेस बंद पडला, रेंगाळला, की त्याला जायचे मेसेज स्लर्मसीटीएलडीच्या मेमरीत साचतात. आकडा मॅक्सडीबीडीमेसेजेसच्या (कॉन्फिगमधल्या या रांगेच्या कमाल मर्यादेच्या) निम्म्यावर गेला तर आधी डेटाबेस बघा. स्लर्मसीटीएलडी नीट बंद केल्यावर हे मेसेज स्टेटसेव्हलोकेशनमध्ये (त्याची स्थिती डिस्कवर साठवायच्या फोल्डरमध्ये) उतरतात आणि सुरू होताना परत वाचले जातात. म्हणजे रीस्टार्टनंतर रेस लगेच पुन्हा वर गेली, तर संशय इथेच घ्या. तुमच्याकडे रीस्टार्टनंतर ती शांत होते, पण क्यू शून्यावर आहे का ते बघितल्याशिवाय डेटाबेसला क्लीन चिट देऊ नका.

मिनजॉबएज (संपलेला जॉब किमान किती वेळ मेमरीत ठेवायचा ती सेटिंग) मुळात 300 सेकंद असतं. जुने जॉब एसकंट्रोलमध्ये (मेमरीतले जॉब दाखवणाऱ्या कमांडमध्ये) दिसावेत म्हणून कोणी ते 86400 केलं असेल, तर संपलेले हजारो जॉब मेमरीत बसून राहतात. जुन्या जॉबसाठी डेटाबेसातून वाचणारी एसअ‍ॅक्ट कमांड आहे ना! (तुमची आवृत्ती माहीत नाही, डीफॉल्ट ताडून घ्या.)

हे सगळं ठीक निघालं तरच व्हॅलग्राइंड (मेमरीची गळती शोधणारं साधन), आणि तेही टेस्ट क्लस्टरवर. डेमन कित्येक पटींनी मंदावतो. बिल्ड करताना ‘एनेबल-मेमरी-लीक-डीबग’ द्याच. नाहीतर बंद होताना स्लर्म बरीच मेमरी मुद्दाम न सोडता जातो आणि खोट्या गळत्यांची रांग लागते. डेमन ‘-डी’ने (कॅपिटल डी) फोरग्राउंडला चालवा आणि सिगटर्मने (नीट बंद होण्याच्या सिग्नलने) थांबवा. किल -9 मारून तडकाफडकी बंद केलंत तर लीकचा अहवाल निघतच नाही.

जाता जाता, एसडायगच्या खालच्या भागात कोणता युजर किती आरपीसी (डेमनला पाठवलेल्या विनंत्या) करतो तेही दिसतं. एसक्यूला (जॉबची रांग दाखवणाऱ्या कमांडला) वॉच लावून, म्हणजे ती सारखी चालवत बसलेला कोणीतरी तिथे हमखास सापडतो.