वाचकांचे प्रश्न : लढाईआधीच थांबलेले रणगाडे

प्रश्न : १९४३ साली कुर्स्कच्या लढाईला निघालेल्या सोव्हिएत ५व्या गार्ड्स टँक आर्मीचे दोनशेच्यावर रणगाडे वाटेतच पडले, असे वाचले. टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा इतका नाजूक होता का? (एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : नाजूक नव्हता, पण धूळ त्याला सोसत नसे. ही आर्मी फेब्रुवारी १९४३ मध्ये उभी राहिली, सेनापती पावेल रोतमिस्त्रोव्ह. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिला ओस्त्रोगोझ्स्क भागातून कुर्स्कच्या आघाडीवरच्या प्रोखोरोवका गावाकडे निघायचा हुकूम आला. तीनेक दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर, तेही रेल्वेने नव्हे, स्वतःच्या साखळ्यांवर. सुमारे ७२० गाड्यांपैकी दोनशेहून अधिक मागे राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त होऊन १२ जुलैच्या आधी पुन्हा दाखल झाल्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

टी-३४चे व्ही-२ हे बारा सिलिंडरचे ३८.८ लिटरचे डिझेल इंजिन, ताकद ५०० अश्वशक्ती. इंजिन चांगले, पण सुरुवातीचा ‘पोमोन’ एअर फिल्टर फारच कमी पडे. १९४२ मध्ये अमेरिकेत अबरडीनला एका टी-३४ची चाचणी झाली. सुमारे ३४० किलोमीटरनंतर इंजिन निकामी झाले, कारण धूळ आत जाऊन पिस्टन आणि सिलिंडर झिजले होते. पुढे ‘सायक्लोन’ फिल्टर आला आणि फरक पडला. तरी रांगेत मागे असलेला रणगाडा पुढच्याची धूळ खातच असे. हडंब्याजवळ (मळणी यंत्राजवळ) दिवसभर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ फिल्टर साफ केला नाही तर काय होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

दुसरे दुखणे गिअरचे. जुना चार गिअरचा डबा इतका जड की घाईत गिअर बदलताना दात करकरत. चालक मग एकाच गिअरवर गाडी रेटत राही, किंवा क्लच घासत ठेवी. क्लचच्या कोरड्या पोलादी चकत्या तापून वाकल्या की क्लच सुटेना. पाच गिअरचा डबा हळूहळू आला, सगळ्या गाड्यांना एकदम नाही.

प्रश्न : साखळी तुटली तर रस्त्यातच जोडत का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : हो. एका साखळीत ७२ कड्या, त्यांतल्या ३६ला शिंग. मागच्या चाकाचे रोलर ते शिंग धरून साखळी ओढत. पिनेचे डोके आतल्या बाजूला असे आणि दुसरे टोक मोकळे. चालताना पिन आत सरके आणि मागे रणगाड्याच्या अंगाला जोडलेली तिरपी पट्टी तिला प्रत्येक फेरीत पुन्हा जागेवर ठोके. सोपी आणि उत्तम युक्ती. ही पट्टी झिजली किंवा वाकली की पिना सुटू लागत.

जोडताना आधी पुढच्या चाकाचा ताण सैल करायचा, मोडकी कडी काढायची, दोन्ही टोके पहारीने किंवा दोराने जवळ आणायची, पिन ठोकायची आणि मग ताण पुन्हा भरायचा. सुट्या कड्या अंगावरच बांधलेल्या असत.

प्रश्न : प्रोखोरोवका म्हणजे समोरासमोर पंधराशे रणगाडे, हे खरे का? (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही. हा आकडा फुगवलेला आहे. समोरच्या जर्मन एसएस पँझर कोअरकडे (अनेक डिव्हिजनांच्या रणगाडा दलाकडे) सगळे मिळून सुमारे ३०० रणगाडे व स्वतःच्या साखळ्यांवर चालणाऱ्या तोफा होत्या. १२ जुलैला सकाळी साडेआठच्या सुमारास रोतमिस्त्रोव्हच्या १८वी व २९वी टँक कोअर पुढे झाल्या. त्यांत बरेच टी-७० होते : दोन माणसांची हलकी गाडी, ४५ मिमीची तोफ. २५२.२ मीटर उंचीच्या टेकडीजवळ सोव्हिएतांनीच आधी खणलेला रणगाडाविरोधी खंदक होता. वेगात आलेल्या २९व्या कोअरच्या काही गाड्या त्यातच अडकल्या. संध्याकाळी तो भाग जर्मनांच्या ताब्यात राहिला. त्यांनी आपले मोडलेले रणगाडे ओढून नेले आणि दुरुस्त होऊ शकणारे सोव्हिएत रणगाडे सुरुंग लावून उडवले. त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंच्या नुकसानीत मोठी तफावत दिसते, त्यामागे हे मोठे कारण आहे. ऑगस्टमध्ये पारडे फिरले आणि माघार घेताना जर्मनांनाही दुरुस्तीला आणलेले रणगाडे मागे सोडावे लागले.