बंद पडलेल्या क्रिप्टो एक्सचेंजकडून पैसे परत देतो म्हणून पत्र आलंय, खरं का खोटं कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही निपाणीचे, २०२१ ला एका एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी घेण्या-विकण्याच्या ॲपवर, ६० हजार घातले, ते एक्सचेंज पुढं बंद पडलं, आणि आता व्हॉट्सॲपवर कोर्टाचा शिक्का असलेलं पत्र आलंय की तुमचे २ लाख ३५ हजार मंजूर झालेत, फक्त ८ टक्के व्हेरिफिकेशन फी म्हणजे १८ हजार ८०० रुपये ४८ तासांत भरा. आधार आणि पॅनचे फोटो तुम्ही पाठवून बसलाय. पैसे अजून भरले नाहीत म्हणताय तर भरू नका, बाकीचं निवांत वाचा.

मी बेळगावात गोवावेसजवळ एका टॅक्स कन्सल्टंटकडं कामाला आहे, रिटर्न भरायचं काम. वकील नाही की पोलीस नाही. पण माझेही थोडे पैसे एका बंद पडलेल्या एक्सचेंजमध्ये अडकलेत, आणि माझा खानापूरचा मावसभाऊ अगदी तुमच्यासारख्याच पत्राला फसलाय, म्हणून हे सगळं मला जवळून बघावं लागलं.

तो उद्यमबागला फाउंड्रीत आहे. त्याला फोन करणारा स्वच्छ मराठीत बोलायचा, पुण्याहून बोलतोय म्हणायचा, आणि पहिल्याच फोनला त्यानं भावाचा ईमेल, एक्सचेंजचं नाव आणि अडकलेली रक्कम बरोबर सांगितली. तिथंच भावाचा विश्वास बसला, की एवढं आतलं बाहेरच्याला कसं माहीत असणार. मग एका वेबसाइटवर लॉगिन दिलं, तिथं त्याचा बॅलन्स दिसायला लागला, आणि 'टेस्ट' म्हणून १,५०० रुपये खरोखर त्याच्या बँकेत जमा झाले. त्यानंतर आधी ७ हजार प्रोसेसिंग, मग ९ हजार 'टॅक्स क्लिअरन्स', मग अजून ६ हजार. वहिनीच्या भिशीचे पैसे होते ते. चार महिने घरात कुणाला बोलला नाही, आणि दिवाळीत मला बाजूला घेऊन म्हणाला, मी तर भरलो की रे पैसे, आता अजून बारा हजार मागायलेत, भरू काय? म्हणजे २२ हजार गेल्यावरही त्याला वाटत होतं की शेवटचे बारा भरले की सुटलं. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आधीच बुडालेल्या माणसाला कुणी दोरी टाकली तर तो ती धरणारच.

आता तुम्ही हेही विचारलंय ना, त्यांना आपली माहिती कशी असते. ही माहिती फुटते आणि विकली जाते, आणि खऱ्या प्रक्रियेतूनसुद्धा फुटते. एफटीएक्स हे मोठं एक्सचेंज ११ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेत दिवाळखोरीत गेलं, लोकांचे क्लेम, म्हणजे अडकलेल्या पैशांवरचे दावे, नोंदवायचं काम क्रोल नावाच्या कंपनीकडं होतं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोलच्या एका कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर चोरांनी स्वतःच्या सिमवर वळवून घेतला आणि क्लेम केलेल्या लोकांची माहिती उचलली. एफटीएक्ससोबत ब्लॉकफाय आणि जेनेसिस या अशाच बुडालेल्या क्रिप्टो कंपन्यांच्या लोकांचीही गेली. मग लगेच त्या लोकांना 'तुमचे पैसे काढायला तयार आहेत' असे खोटे मेल यायला लागले. त्यामुळं समोरच्याला तुमची रक्कम माहीत आहे यावरून तो खरा ठरत नाही, उलट तुमचं नाव फसलेल्यांच्या यादीत फिरतंय एवढंच कळतं.

आणि लोक इथं अजून एका ठिकाणी चुकतात. काहीजण म्हणतात केवायसी मागितलं म्हणजे फ्रॉड. तसं नाही ओ. एफटीएक्सच्या खऱ्या वाटपातसुद्धा केवायसी होतं, अमेरिकेबाहेरच्या लोकांकडून टॅक्सचा फॉर्म घेतला, आणि पैसे क्रॅकन नाहीतर बिटगो या दुसऱ्याच कंपन्यांमधून आले, ते वाटप १८ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं. आधी नाव न ऐकलेल्या कंपनीत खातं काढा असं खरा माणूसही सांगू शकतो. म्हणून पत्र कसं दिसतंय, शिक्का आहे का, इंग्रजी बरोबर आहे का, यावर निकाल लावू नका, शिक्का आता कुणीही दहा मिनिटांत बनवतो. बघायचं ते एकच, तुमच्या हातात एक रुपया यायच्या आधी तुमच्याकडून काही जातंय का. कोर्टानं नेमलेल्या माणसाची फी, वकिलांची फी, सगळं त्या बुडालेल्या कंपनीच्या उरलेल्या पैशातनं कापलं जातं आणि मग राहिलेलं तुम्हाला वाटलं जातं. क्लेम केलेल्या माणसाकडून खिशातले पैसे मागून त्याचेच पैसे सोडवायची पद्धत कुठल्याच दिवाळखोरीत नाही.

टॅक्स किंवा टीडीएस आधी भरा म्हणाले तर, टीडीएसचं तर नावच सांगतंय की, देतानाच कापून घेतलेला कर. क्रिप्टोवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून आहे, तो पैसे देणारा कापतो आणि सरकारकडं भरतो, तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो. तुम्ही कुणाच्या यूपीआयवर टीडीएस पाठवताय असं होतच नाही. ३० टक्के टॅक्स आहे तो नफ्यावर आहे आणि तोही तुम्ही रिटर्नमध्ये सरकारला भरता. तुमच्या पत्रात आरबीआयचं 'रिलीज सर्टिफिकेट' म्हणून लिहिलंय ना, रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही आणि कुणाचे पैसे सोडायला फी मागत नाही, हे त्यांनी स्वतःच कितीतरी वेळा जाहीर केलंय. आणि तुम्ही लिहिलंय की फी कुठल्यातरी ट्रेडर्सच्या करंट अकाउंटवर भरायचीय. कोर्टाचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात कशाला जातील, याचा विचार करा.

रक्कम पण बघा. ६० हजारांचे २ लाख ३५ हजार कसे झाले हे त्यांनी पत्रात कुठं सांगितलंय? खऱ्या प्रक्रियेत रक्कम कुठल्या तारखेच्या भावानं धरायची हे कोर्टात ठरतं आणि लोक त्यावरून भांडतातही. एफटीएक्समध्ये दिवाळखोरीच्या दिवसाचा भाव धरला, बिटकॉइनला १६ हजार ८७१ डॉलर, आणि वाटप झालं तेव्हा बाजारात भाव ९० हजारांच्या वर होता, लोक फार चिडले. कॅनडाचं क्वाड्रिगा, ज्याचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरला वारला, त्याच्या लोकांना २०२३ मध्ये क्लेमच्या १३ टक्केच मिळाले. जपानचं माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ ला बंद पडलं, साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं सांगितलं, त्यातले दोन लाख नंतर जुन्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटात, सापडले, आणि लोकांना नाणी परत मिळायला जुलै २०२४ उजाडला, दहा वर्षं. तिथं मात्र काही भाग खऱ्या बिटकॉइनमध्ये मिळाला म्हणून थांबलेल्यांना फायदा झाला, म्हणजे जास्त पैसे मिळूच शकत नाहीत असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं चालणारी, तारखा पुढं जाणारी, कंटाळवाणी अशी ही गोष्ट असते, त्यात ४८ तास कुठून आले? खरी मुदत असते ती क्लेम भरायची, ती कित्येक आठवडे आधी जाहीर होते.

मग तपासायचं कसं, तर उलटीकडून जायचं. त्यांच्या पत्रातली लिंक, नंबर, मेल काहीच वापरायचं नाही. आधी एक्सचेंज चालवणाऱ्या कंपनीचं खरं नाव शोधा, ॲपचं नाव वेगळं आणि कंपनीचं वेगळं असतं, तुमच्या २०२१ च्या जुन्या मेलमध्ये किंवा टर्म्समध्ये ते सापडेल. कंपनी भारतातली असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर मास्टर डेटामध्ये ती चालू आहे, नाव काढून टाकलंय की लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायच्या प्रक्रियेत, आहे ते दिसतं. लिक्विडेशनमध्ये असेल तर आयबीबीआयच्या (दिवाळखोरीची कामं बघणाऱ्या सरकारी मंडळाच्या) साइटवर जाहीर सूचना असते, नेमलेल्या माणसाचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असतो, त्या नावाच्या माणसाला तिथल्याच मेलवर लिहून विचारा की हे पत्र तुमचं आहे का. कंपनी परदेशातली असेल तर तिथल्या कोर्टात काय चाललंय ते बघायचं. वझीरएक्सचंच बघा, १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली, ॲप भारतातलं पण प्रकरण सिंगापूरच्या हायकोर्टात गेलं, लोकांनी पैसे परत द्यायच्या योजनेवर दोनदा मतदान केलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते परत चालू झालं. त्यात प्रत्येक पायरी जाहीर होती, हजारो लोकांना एकाच वेळी तीच बातमी कळत होती. तुमच्या एकट्याच्या व्हॉट्सॲपवर 'तुमची फाइल मंजूर' असं आलं आणि दुसऱ्या कुठल्याच जुन्या ग्राहकाला काही माहीत नसेल, तर माझ्या मते तिथंच विषय संपला.

अजून काही गोष्टी मागितल्या तर फोन ठेवून द्या. वॉलेट उघडायचे गुप्त बारा किंवा चोवीस शब्द. एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला तुमचा मोबाइल लांबून चालवू देणारं ॲप टाकायला सांगणं. 'वॉलेट कनेक्ट करून क्लेम करा' असं बटण, ते दाबून मंजुरी दिली की वॉलेटमधलं राहिलेलंही जातं. आणि आम्ही हॅकर आहोत, ब्लॉकचेनवरून (क्रिप्टोचे व्यवहार जिथं नोंदले जातात त्या वहीवरून) तुमची नाणी ओढून आणतो म्हणणारे, कारण ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कुणी मागं फिरवू शकत नाही, अगदी तज्ज्ञ असला तरी. क्लेम विकत घेणारे मात्र खरे पण असतात, तुमचा हक्क कमी किमतीत घेतात, पण ते तुम्हाला पैसे देतात, तुमच्याकडून घेत नाहीत.

तक्रारीचं सांगतो कारण आपल्या भागात इथंच लोक अडतात. पैसे गेले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकं पुढचं खातं गोठवायची आशा जास्त. तुमचे गेले नाहीत तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकून ठेवा, नंबर, पत्र, यूपीआयचा स्क्रीनशॉट सगळं जोडून. निपाणीत राहता म्हणजे पोर्टलवर राज्य कर्नाटक निवडा, खातं कोल्हापूरच्या बँकेत असलं तरी. माझ्या भावाला एका ठिकाणी सांगितलं खातं महाराष्ट्रात आहे तिकडं जा, तिकडं सांगितलं राहता कर्नाटकात तिकडं जा, यात त्याचे दोन दिवस गेले. नव्या कायद्यात गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे, तेवढं ठामपणे सांगा. जिल्ह्याच्या सीईएन (सायबर आणि आर्थिक गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात गेलात तर लिहिणं कन्नडमध्ये होईल, कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या आणि रक्कम, तारीख, खाते नंबर बरोबर आहेत हे बघूनच सही करा. भावाच्या कागदात रक्कम चुकीची पडली होती, ती दुरुस्त करायला परत खानापूरहून यावं लागलं.

आधार-पॅन पाठवलंय त्याचं काय, तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, आजच. बँकेत सांगून ठेवा. आणि पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट बघत राहा, तुमच्या नावावर कुठल्या ॲपमधनं कर्ज उचललेलं दिसलं तर तीच पोर्टलची तक्रार दाखवायला उपयोगी पडेल. त्या माणसाला ब्लॉक करायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, भावानं रागात सगळं डिलीट केलं होतं.

पत्रात केस नंबर आणि कोर्टाचं नाव असेल तर तेवढंच खाली लिहा, आधार-पॅन झाकून. मी रविवारी घरीच आहे, त्या नावाची केस खरंच आहे का ते तुमच्यासोबत बघतो.