वीज नेमकी कुठे पडली हे जमिनीवरच्या केंद्रांना कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की एकट्या केंद्राला वीज किती लांब पडली हे सांगता येत नाही, मग नकाशावर ठिपका इतका अचूक कसा उमटतो आणि त्याला किमान किती केंद्रं लागतात.

सगळा खेळ वेळेचा आहे. वीज पडते तेव्हा रेडिओ लहरींचा एक ठोका उठतो. त्यातला कमी वारंवारितेचा, काही किलोहर्ट्झपासून शे-दोनशे किलोहर्ट्झपर्यंतचा भाग जमिनीलगत शेकडो किलोमीटर जातो. तो कधी पोचला हे प्रत्येक केंद्र जीपीएसच्या वेळेनुसार नोंदवतं.

समजा, दोन केंद्रांत 200 किलोमीटर अंतर आहे आणि पहिल्याला ठोका 300 मायक्रोसेकंद आधी मिळाला. लहर मायक्रोसेकंदाला सुमारे 300 मीटर जाते, म्हणजे वीज पहिल्या केंद्राला 90 किलोमीटरने जवळ. अंतरात एवढाच फरक असलेले सगळे बिंदू एका अपास्तावर (हायपरबोला या मोकळ्या वक्र रेषेवर) येतात. तिसऱ्या केंद्रामुळे दुसरं अपास्त मिळतं. दोन्ही छेदतात तिथे वीज. पण कधी कधी ती दोन जागी छेदतात, म्हणून चौथं केंद्र हवंच. केंद्रांची काही जाळी काटकोनात लावलेल्या तारेच्या वेटोळ्यांनी दिशाही मोजतात, पण तिथे 1 अंशाची चूक 100 किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर होते.

खरी अडचण घड्याळाची नसते, ठोका ‘कधी’ आला हे ठरवण्याची असते. ठरावीक पातळी ओलांडली की वेळ नोंदवायची असं केलं, तर क्षीण ठोका ती पातळी उशिरा गाठतो. त्यात कोरड्या, खडकाळ जमिनीवरून येताना त्याचा चढ पसरट होतो. म्हणून चढाची रेषा मागे नेऊन ठोक्याची सुरुवात काढावी. त्याहून वाईट म्हणजे आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतलेली लहर. ढोबळ हिशेबाने, 300 किलोमीटरवर ती सरळ आलेल्या लहरीपेक्षा सव्वाशे-दीडशे मायक्रोसेकंद उशिरा पोचते. एखाद्या केंद्राने चुकून तीच पकडली तर ठिपका कितीतरी किलोमीटर सरकतो. असं केंद्र उरलेल्यांशी जुळत नाही. ते वगळून गणित पुन्हा करायचं.

जोरदार वादळात वेगवेगळ्या विजांचे ठोके चुकून एकमेकांना जोडले जातात. त्यावर सोपी चाळणी आहे : एकमेकांपासून 200 किलोमीटरवरच्या दोन केंद्रांत 667 मायक्रोसेकंदांपेक्षा (लहरीला तेवढं अंतर जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा) जास्त फरक निघाला, तर ती वीज एकच नव्हे.

वीज केंद्रांच्या घेऱ्याबाहेर पडली की अपास्तं जवळपास समांतर धावतात आणि चूक दूरच्या दिशेने लांबत जाते. नवं केंद्र बसवायचं असेल तर आधीच्या केंद्रांच्या गर्दीत नको. वादळं ज्या बाजूने येतात, तिकडे घेऱ्याबाहेर बसवा.