टक्के ठरले, पण कशाचे?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलाचं लग्न ठरलं म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढलं. आर्किटेक्टनं अंदाज दिला १२ लाखांचा, फी ८ टक्के. ताईंनी डायरीत ९६,००० रुपये लिहून ठेवले. आता काम संपल्यावर बिल आलं आहे साडेवीस लाखांवर: फी १,६४,००० आणि वर जीएसटी २९,५२०. त्या विचारतात, ‘ठरल्याच्या दुप्पट पैसे का द्यायचे? मल्हारगंजच्या जुन्या वाड्यातली सागवानी दारं-खिडक्या आम्ही आणून लावली, त्यांचेही दीड लाख खर्चात धरले आहेत. आमच्याच दारांवर फी कशी?’

अशी पत्रं मला वरचेवर येतात. मोहल्ला बदलतो, आकडे बदलतात, तक्रार हीच असते.

ताई, आर्किटेक्टची वागणूक कशी होती आणि ८ टक्के जास्त होतात का, यात मी शिरत नाही. तुम्ही पाठवलेला नेमणूकपत्राचा फोटो मी मोठा करून वाचला. सहीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ‘इतर अटी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नियमांप्रमाणे.’ तिच्या खालीच तुमची सही आहे. सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे आणि तुमच्या चार पानी पत्रात तिचा साधा उल्लेख नाही. सही करताना विचारलं असतंत की ‘हे नियम कुठले, एक प्रत द्या’, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

कौन्सिल म्हणजे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली स्थापन झालेली संस्था. तिच्या नेमणुकीच्या अटी वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यांत फीचा आधार टप्प्याटप्प्यानं बदलतो. सुरुवातीला ढोबळ अंदाज, मग प्राथमिक अंदाजपत्रक, ठेकेदार नेमला की त्याची मंजूर झालेली रक्कम आणि शेवटच्या हिशेबाला प्रत्यक्ष झालेला खर्च. म्हणजे १२ लाख हा आकडा पहिल्या हप्त्यापुरता होता. तुम्ही तो शेवटचा समजून बसलात.

दारांचं उत्तरही तिथंच आहे. जुनं सामान किंवा मजूर मालकानं पुरवले, तरी सगळं नवं सामान ठेकेदारानंच आणलं असं धरून फी काढायची, असं त्या अटी सांगतात. आजेसासऱ्यांनी करून घेतलेल्या दारांवर पैसे मोजायला लागावेत हे मनाला लागतं, मला कळतं. पण तुमच्याच फोटोत जिन्याजवळचं दार बाकीच्या दारांपेक्षा चार बोटं बुटकं आहे आणि तिथला लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, मुद्दाम खाली घेतलेला दिसतो. ते कुणीतरी मापं घेऊन कागदावर काढलं, म्हणूनच जुनी चौकट नव्या भिंतीत बसली. या दीड लाखांवरून भांडू नका, हराल. त्याच अटींत दस्तऐवज आणि संपर्काचा खर्च म्हणून फीच्या १० टक्के वेगळे मागायचीही सोय आहे. तुमच्या बिलात ती रक्कम नाही. प्रकरण चिघळलं तर ती येऊ शकते.

भांडायचं आहे ते साडेवीस लाखांत काय काय घातलं आहे यावर. तुमच्या यादीत मॉड्युलर किचनचे २,४०,००० आहेत आणि एसी, पंखे, फ्रिज मिळून १,१०,०००. किचनचा नक्शा दुकानदारानं काढला आणि बसवलंही त्याच्याच माणसांनी. फ्रिज तर बांधकामच नाही. आर्किटेक्टनं ज्याचं रेखाटन केलं नाही, देखरेखही केली नाही, ते साडेतीन लाख माझ्या मते बाहेर निघायला हवेत. किचन आणि एसीबद्दल समोरचा वकील वाद घालील. फ्रिजबद्दल घालणार नाही. उरले १७ लाख. त्यांची ८ टक्क्यांनी फी १,३६,०००.

तीही आज सगळी देय नाही. काम संपताना ९० टक्के आणि उरलेले १० टक्के निगममध्ये (महापालिकेत) लावायचा पूर्णतेचा अहवाल व प्रत्यक्ष बांधकामाचे नक्शे हातात पडल्यावर, असा क्रम असतो. तुम्हाला हे कागद मिळालेले नाहीत. म्हणजे आज देय १,२२,४००.

त्यातून तुम्ही दिलेले ७०,००० वजा करायचे. पण बिलात जमा फक्त ३०,००० दाखवले आहेत, जे यूपीआयनं गेले. ४०,००० तुम्ही रोख दिलेत, तेही पावतीशिवाय! शिकलेल्या घरांत अजून हे चालतं याचा मला मनापासून राग येतो. त्या दिवशीचा बँकेतून पैसे काढल्याचा उतारा आणि त्या सुमाराचे सगळे मेसेज शोधा. सापडले तर बाकी ५२,४००, नाहीतर ९२,४००.

जीएसटीवर मी ठाम बोलणार नाही. ८ टक्क्यांत कर धरला आहे की वेगळा, याबद्दल पत्रात शब्द नाही. एवढं मात्र पाहा: बिलावर १५ अक्षरी नोंदणी क्रमांक हवा, मध्य प्रदेशचा असेल तर २३ नं सुरू होणारा. नोंदणीच नसेल तर कर वसूल करता येत नाही. तसंच कौन्सिलच्या यादीत त्यांचं नाव आहे का, तेही तपासा. बिलावर ‘उद्यम’ क्रमांक, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर पैसे फार दिवस अडवू नका. लघुउद्योगांच्या थकीत रकमेवर २००६ च्या कायद्यानं रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. घरमालकाला ते कितपत लागू होईल यावर वाद आहे, पण तो वाद तुमच्या पैशानं कशाला?

कोर्टात जायचं का, असंही विचारलं आहे तुम्ही. माझ्या कपाटात अशाच एका फीच्या वादाची फाइल आहे, सात वर्षांनंतरही साक्षीवरच अडकलेली. त्या घरातल्या आजोबांनी तीन न्यायाधीश बदललेले पाहिले आणि निकाल न बघताच ते गेले. एवढ्या रकमेसाठी तुम्ही त्या रांगेत उभं राहू नये.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचं आहे, त्यांनी सहीआधी एवढं लिहून घ्यावं: ‘फी मंजूर अंदाजपत्रकाच्या रकमेवर. पुढं काम वाढलं तर दोघांच्या सहीनं वाढलेल्या रकमेवरच जादा फी. मालकाचं जुनं सामान, फर्निचर आणि उपकरणं हिशेबाबाहेर. कर धरून.’ स्ट्रक्चरल इंजिनीअरचे पैसे यातच आहेत की वेगळे, तेही त्याच कागदावर. १२ लाखांच्या कामाला ८ टक्के ठरले असतील आणि कर वेगळा असेल तर ९६,००० नव्हे, करासकट १,१३,२८० बाजूला ठेवा आणि काम वाढायची शक्यता धरून त्यावर थोडे आणखी.

ताई, तुम्ही आठ दिवसांत स्पीड पोस्टानं उत्तर पाठवा. साडेतीन लाख वगळल्याचा हिशेब, दिलेल्या पैशांच्या तारखा आणि पूर्णतेच्या कागदांची मागणी, एवढंच त्यात असू द्या. सोबत ५२,४०० चा चेक (रोखीचा पुरावा सापडला नाही तर ९२,४०० चा), ‘हिशेबापोटी, हक्क राखून’ असं लिहून. ‘दिवाळीनंतर सगळं देऊन टाकू’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुमचा मेसेज पुसू नका, त्यांच्याकडे तो आहेच. पण यापुढं एक अक्षरही तिथं लिहू नका, आणि मुलालाही तसं सांगून ठेवा.