जर्मनीत दोन वर्षांसाठी नोकरीला जातोय, फॉरेक्स कार्ड आहे, मग तिथे बँक खातं उघडायलाच हवं का?

हो, उघडाच, आणि पोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उघडा. मी चार वर्षं म्युनिकला राहतोय, इथे पगार, घरभाडं, हेल्थ इन्शुरन्स, वीज, मोबाईल सगळं आयबॅनवर म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकावर चालतं, प्रत्येक फॉर्मवर तो २२ अक्षरी नंबर लिहायचा रकाना असतोच आणि फॉरेक्स कार्डाला आयबॅन नसतो, तिथेच गाडी अडते. बरीच बिलं लास्टश्रिफ्टने जातात म्हणजे कंपनी स्वतःच तुमच्या खात्यातून पैसे ओढते, घाबरू नका, चुकीचे कापले गेले तर ८ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत मिळतात. शिवाय पगार युरोत येणार, तर रुपयातून युरो करून कार्ड भरण्यात प्रत्येक वेळी बँक विनिमय दरात कापते ते मार्जिन का घालवायचं? एखाद्या बँकेने नाही म्हटलं तर 'बाझिसकोंटो' म्हणजे मूलभूत सोयींचं साधं खातं मागा, कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही ते मिळवायचा हक्क २०१६ पासून आहे.

मात्र महिन्याची फी आधी बघा, काही बँका ठरावीक पगार जमा झाला तरच ती माफ करतात. आणि एक गोष्ट जी बरेच जण विसरतात, नोकरीसाठी बाहेर गेलात की भारतातलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं खातं करून घ्यावं लागतं, ते निघायच्या आधीच बँकेत विचारून ठेवा. फॉरेक्स कार्ड पहिल्या महिन्यापुरतं मात्र जवळ असू द्या, पहिला पगार यायला वेळ लागतो आणि घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं मागू शकतात.